छातीतली डबी

माणसाच्या अंगात काय बसवलंय ते बघायची हौस आमच्या कोल्हापुरात जेवढी आहे, तेवढी दुसरीकडं कुठं नसेल. आजारी माणसाला भेटायला यायचं, शहाळं टेबलावर आपटायचं, सरळ खाटेवर मांडी ठोकून बसायचं आणि म्हणायचं, "बघू की!" नुसतं बघून भागत नाही. बोट लावायचं, दाबायचं, आणि दाबल्यावर "च्यायला, हालतंय की रं!" म्हणून खूष व्हायचं. मला असा संताप यायचा की ते बोटच धरून पिरगाळावं. पण अंगात ताकद नव्हती, आणि दारात आलेल्या पावण्याला वाकडं बोलायचं नसतं हे लहानपणापासून डोक्यात घट्ट बसलेलं.

बघायला यायचे तो माझा पोर्ट. मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पुढं केमो घ्यायचं ठरलं. पहिल्याच केमोला हाताच्या शिरा कामातनं गेल्या. सुई टोचली की शीर फुगायची, काळीनिळी पडायची, हात रात्रंदिवस ठणकायचा. म्हणून डॉक्टरांनी छातीत उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक छोटी डबी बसवली. कोटाच्या बटणापेक्षा जरा मोठी. तिच्यातनं एक बारीक नळी निघते, ती आतल्या आत मोठ्या शिरेतनं काळजाच्या तोंडापर्यंत जाते. केमोच्या दिवशी कातडीवरनं त्या डबीत सुई टोचायची, वर पट्टी लावायची आणि औषध सोडायचं. माझं एक औषध दोन दिवस थेंबथेंब चालायचं. तेवढ्यासाठी दवाखान्यात पडून राहायला नको म्हणून औषधाची बाटली कमरेला अडकवून, सुई तशीच छातीत ठेवून घरी पाठवायचे. बाटली संपली की परत जायचं, नळी धुऊन घ्यायची, सुई काढून यायचं.

डॉक्टर बजावून सांगायचे, "बाकी काहीही करा, पट्टीला हात लावायचा नाही. तिथनं जंतू आत शिरला तर मधे कुठं थांबणार नाही, सरळ रक्तात जाईल. आणि तुमच्या अंगात आत्ता त्याच्याशी भांडायला कुणी शिल्लक नाही."

मी मान डोलवायचो. बायको तर एवढी मान डोलवायची की मला वाटायचं ही आता वहीच काढते का काय.

केमोनं मला आणखी एक घाण खोड लावली. दवाखान्यात सगळे हाताला ते स्पिरिटसारखं चोळतात ना, त्याचा वास. त्या वासाची आणि केमोची माझ्या पोटानं अशी गाठ मारून ठेवली की नर्स नुसती जवळ आली तरी तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते चांगल्या अर्थानं नव्हे. एकदा लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईनं पर्समधली बाटली काढून हाताला चोळली, आणि मी तिच्या चपलेवर ओकलो. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? हात स्वच्छ असले की मला मळमळतं म्हणून?

तर, बघायला येणारे. त्यात सगळ्यात वरचढ आमचे दाजी, माझ्या बहिणीचे मालक. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर. ड्यूटी सुटली की घरी न जाता थेट आमच्याकडं मंगळवार पेठेत. नखांत काळी माती, बोटांच्या रेघांत काळी माती. आल्या आल्या माझ्या बनियनचा गळा खाली ओढायचे आणि अंगठ्यानं डबी दाबून बघायचे. "चांगला फिट बसलाय कास्टिंग," म्हणायचे. माणूस प्रेमळ, माझ्यासाठी रडलेलाही. पण तो अंगठा छातीवर आला की माझ्या अंगावर काटा यायचा. सुई लावलेली असताना मात्र बायको दारातच आडवी व्हायची, त्यामुळं दाजींचा हात पट्टीपर्यंत कधी पोचला नाही. आम्ही राखण करत होतो ती दाराची.

अव्वा तर घरातच होती.

अव्वा म्हणजे माझी आई. आम्ही लिंगायत, मूळचे गडहिंग्लजकडचे, आजोबांपासून कोल्हापुरात पेंडीचं दुकान. आईला अव्वा म्हणायचं, ही कानडी सवय तेवढी टिकली. अव्वा चिडली की अजून कानडीत शिरते. नको म्हणायचं असलं की "ब्याड!" आणि ते असं म्हणते की समोरच्यानं परत विचारायची छाती करू नये. ऐंशीच्या पुढची बाई, पण सकाळची लिंगपूजा कधी चुकली नाही. आंघोळ, मग गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, भस्म, बेल, आणि शेवटी तीर्थ.

माझ्याही गळ्यात लिंग होतं. चांदीच्या डबीत, दोऱ्यात, छातीच्या मधोमध. मी काही रोज पूजा करणारा नव्हे, पण ते गळ्यातनं कधी उतरलं नव्हतं. पोर्ट बसवायच्या वेळी डॉक्टर म्हणाले, दोरा पट्टीला घासेल, दुसरीकडं बांधा. मी दंडाला बांधलं. दंडाला बांधलेलं चालतं, कितीतरी लोक बांधतात. पण अव्वाच्या मनाला ते लागलं. "एक डबी काढली आनि दुसरी घातली," म्हणाली. "छाती मोकळी पडली तुजी." दिवसातनं दहादा म्हणायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "अव्वा, मोकळी कुठं, आत एवढं सामान हाय की!" ती हसली नाही.

पुढच्या एका बाटलीनंतर नळी धुऊन, सुई काढून रिक्षात बसलो आणि थंडी वाजायला लागली. ऊन मी म्हणत होतं आणि माझे दात वाजत होते. घरी आलो, गोळी घेतली, घाम येऊन ताप उतरला. केमोचा ताप असेल म्हणून गप्प बसलो. दवाखान्यातल्या नर्सनं त्या दिवशी पट्टी कशी काढली होती ते मला चांगलं आठवतं. एका हातात फोन, कुणाशी तरी लग्नाच्या साडीवरनं बोलणं चाललेलं, दुसऱ्या हातानं टर्रकन ओढून, न बघता, बादलीत. तिच्या हातमोज्यांनीच तिनं फोन धरला होता. मला तेव्हाच शिसारी आली होती, पण शिसारी तर मला वरणभाताचीही यायची, कुणाला काय सांगणार?

पुढच्या केमोला परत बाटली, परत सुई, परत घरी. दुसऱ्या दिवशी दुपारी खाटेवर बसून ताक पीत होतो, तर पेला हातात नाचायला लागला. ताक मांडीवर सांडलं. मग सगळं अंगच उडायला लागलं. बायकोनं चार रजया टाकल्या, तरी खाट खडाखडा वाजत होती. दाजी नेमके आलेले. त्यांनी मला लहान पोरासारखं उचलून गाडीत घातलं. डोळ्यांपुढं अंधारी येत होती आणि मी एकच बडबडत होतो म्हणे, "फोन धरलेला हात... फोन धरलेला हात..."

दवाखान्यात पोचल्यावर मी तोंड सोडलं. दुकानात हमालांवर ओरडून कमावलेला आवाज आहे माझा, तापातसुद्धा तो शाबूत होता. "तुमची घाण माझ्या रक्तात घातलीसा! पैसे मोजून मराण विकत घेतलं व्हय मी?" नर्स भेदरल्या. डॉक्टर मात्र सरळ कामाला लागले. त्यांनी हाताच्या शिरेतनं रक्त घेतलं, पोर्टमधनं रक्त घेतलं, आणि मग दिवा जवळ ओढून स्वतः पट्टी उचलायला लागले. टर्रकन नव्हे. एकेक कोपरा सोडवत.

पट्टीखाली राखाडी लगदा होता. सुईच्या भोवती, ओला, चिकट. त्याच्या कडेनं पिवळा पू. आणि वास! मी पेंडीच्या गोदामात वाढलेला माणूस. सडलेली पेंड, मेलेला उंदीर, सगळे वास मला पाठ आहेत. हा वास माझ्या स्वतःच्या छातीतनं येत होता आणि मी तोंड फिरवू शकत नव्हतो, कारण तोंडाखालीच तो होता.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले. "सिमेंट लावलंय काय कुणी?"

मी बायकोकडं बघितलं. बायकोनं माझ्याकडं. लगद्यात तीन रेघा होत्या. आडव्या. तीन बोटांच्या.

"भस्म," बायको म्हणाली. अगदी हळू.

"कशाचं असतं ते?"

शेवटी मीच सांगितलं. अव्वा विकतचं भस्म वापरत नाही. गावाकडनं गाईचं शेण मागवते, गोळे करते, भाजते, वस्त्रगाळ करते आणि पितळेच्या डबीत भरून ठेवते. "शेणाची राख," मी म्हटलं. म्हणताना मला ती नळी दिसली. डबीतनं निघून काळजाच्या तोंडापर्यंत गेलेली. आयुष्यभर कपाळाला लावलं, तेव्हा कधी मनात आलं नव्हतं की हे शेण आहे.

डॉक्टरांनी चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, "भट्टीतनं निघते तेव्हा राखेत काही नसतं. पण ती ओली कशानं केली? बोट कुणाचं? किती वेळा?"

ते कळायला फार वेळ लागला नाही. संध्याकाळी अव्वा स्वतःच वॉर्डात आली, दाजींच्या गाडीवरनं. हातात पिशवी. माझ्या उशाशी बसली, पिशवीतनं पितळेची डबी काढली आणि झाकण उघडायला लागली.

"अव्वा, पट्टी उचलून भस्म लावलंस तू?" मी विचारलं.

"लावलं की," ती म्हणाली. जराही न कचरता. "पाटंचं तू झोपलेला आसतोस. पूजा झाली की येऊन लावती. सुई आसल तवा रोज. प्लास्टिकावर लावून काय उपेग? अंगाला लागाय नको? नखानं कोपरा उचालती, तीर्थात बोट बुडवून लावती, आनि परत चिकटवून टाकती. छाती मोकळी ऱ्हाऊ नये."

तीर्थ म्हणजे तांब्यातलं कालचं पाणी. त्यात बेलाची पानं, फुलं, रात्रभर कुजलेली. आणि ते नख. त्या नखानं ती बेल खुडते, वाती वळते, दाराशी आलेल्या गाईच्या अंगावरची गोचीड काढते. मी ओरडलो. सगळा वॉर्ड बघत होता, डॉक्टर दारात उभे होते.

"मारायला बसलीयास तू मला! कॅन्सरनं न्हाय मरायचा, तुज्यामुळं मरायचा! तुजा शेणाचा हात परत लावू नको मला!"

अव्वानं डबीचं झाकण लावलं. डबी पिशवीत ठेवली. दाजींना म्हणाली, "चला पावणं," आणि निघाली. जावयाला ती एरवी कधी पावणं म्हणत नाही.

आता कुणाला वाटेल की आईला असं बोललो म्हणून मी पुढं गळा काढणार आहे. नाही. चूक तिचीच होती, आणि मी आजही तेच म्हणतो. पुढं मठातले स्वामी घरी आले, तेही तिला म्हणाले, असं जखमेवर लावा म्हणून कुणी सांगितलंय? नर्सची चूक होती ती वेगळी. तिनं एकदा तरी डोळे उघडून पट्टी बघितली असती तर दोन आठवडे आधी कळलं असतं. दोघी मिळून मला वर पाठवत होत्या, एक न बघता आणि एक देवाचं नाव घेऊन.

रक्ताचा रिपोर्ट आला. दोन्ही रक्तांत जंतू, पोर्टमधल्यात जास्त जोरात. डॉक्टर म्हणाले, डबी काढायला लागणार. फक्त जागा बधिर करून काढली, मी जागाच होतो. कातडी कापल्यावर पू असा आला की सर्जनच्या मदतनिसानं तोंडावर मास्क असूनही मान वळवली. ट्रेमध्ये ठेवलेली डबी त्यांनी मला दाखवली. बुळबुळीत, शेंबडानं माखल्यासारखी. ती माझ्या आत बसून माझंच रक्त पीत होती असं मला वाटलं. टाके घातले नाहीत. खड्डा उघडाच ठेवला, आणि रोज त्यात पट्टीची वात खुपसायची, रोज ओढून काढायची. ती वात बाहेर येताना मी एकदाच बघितली, मग कधी बघितली नाही.

आणि केमो थांबला. खरी भीती ती होती. मी डॉक्टरांना विचारलं, थोडे दिवस थांबलं तर काय होतं? ते म्हणाले, "आपण थांबतो. तो थांबत नाही." त्या आठवड्यांत मी रोज सकाळी पोट चाचपून बघायचो, कुठं काही वाढतंय का. रक्त स्वच्छ झालं, ताप गेला, खड्डा भरला, तेव्हा कुठं डाव्या बाजूला दुसरा पोर्ट बसवला. डॉक्टर म्हणाले, "हाही गेला तर तिसरी जागा शोधायला मला आवडणार नाही." मला कळायचं ते कळलं.

बाटली अडकवून घरी आलो, तर उंबऱ्याशी स्टूल. स्टुलावर अव्वा. शेजारी पाटावर एक मोठी बाटली. गल्लीतल्या औषधाच्या दुकानातनं तिनंच मागवली होती, "दवाखान्यात हाताला लावत्यात ती द्या," म्हणून. मी आत गेलो. ती उठली नाही, आत आली नाही, नुसतं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

संध्याकाळी दाजी आले. सवयीनं सरळ आत निघाले. अव्वानं काठी आडवी घातली.

"हात."

"आवं आत्या, धुतल्यात की फाउंड्रीत."

"नखं बघू."

जावयाला आजवर तिनं पाण्याचा पेलासुद्धा एका हातानं दिला नव्हता. त्या जावयाला तिनं उंबऱ्यावर उभं करून नखं कापायला लावली, दोन्ही हातांना बाटलीतलं चोळायला लावलं, आणि मग म्हणाली, "आता बी आत जाऊ नगासा. हितनंच बगा." दाजी दारातनंच ओरडले, "बरा हाईस काय रं?" मी म्हटलं, बरा हाय. पेठेत बोभाटा झाला की म्हातारीचं डोकं फिरलं. शेजारच्या काकू रुसल्या. अव्वाला फरक पडला नाही.

ती स्वतःही आत यायची नाही. माझ्या खोलीच्या दारापर्यंत यायची, ताट बायकोच्या हातात द्यायची आणि मागं फिरायची. आणि दिवसभर ती बाटली. दारावरची कडी धरली, की बाटली. भाजी चिरली, की बाटली. तो वास दारातनं, फटीतनं, पडद्यातनं माझ्या खाटेपर्यंत यायचा. मी उठून दार लावून घ्यायचो. दिवसातनं कितीतरी वेळा. ती बाहेरनं दार लागताना बघायची. मला वाटायचं सांगावं, अव्वा, दार तुला लावत नाही मी, त्या वासाला लावतो. पण हे सांगायचं कसं? आधी तिचे हात घाण म्हणून ओरडलो. आता स्वच्छ म्हणून ओरडू?

केमो संपला. शेवटची बाटली संपली, सुई निघाली, जागा कोरडी, ताप नाही. डॉक्टरांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून अव्वाच्या पूजेच्या जागी गेलो. ती लिंग गळ्यात घालून, डोळे मिटून बसली होती. तिच्या हातांची कातडी फाटली होती, बोटांच्या पेरांवर रक्त सुकलेलं. पितळेची डबी समोर. मी सदरा काढून तिच्यापुढं बसलो.

"अव्वा, लाव आता. सुई न्हाय, पट्टी न्हाय. लाव छातीला."

तिनं डोळे उघडले. हात पदराखाली घेतले.

"ब्याड," ती म्हणाली. चिडून नव्हे. तसं ब्याड मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "शेणाचा हात हाय."

मला राहवेना. मी पदराखालनं तिचं मनगट धरलं, ओढलं आणि तो हात माझ्या छातीवर, जिथं पहिल्या डबीचा खड्डा होता, तिथं दाबून धरला. क्षणभर तिची बोटं तशीच राहिली. मग हळूहळू पसरली.

आणि तो वास आला. तिच्या बोटांतनं, पेरांतनं, फाटलेल्या कातडीतनं. मी तोंड घट्ट मिटलं, दात आवळले, श्वास धरला. नाही जमलं. तिचा हात झटकून मी मोरीकडं पळालो आणि गुडघ्यावर बसून ओकलो. ओकता ओकता सांगायला बघत होतो की अव्वा, तुझा हात नव्हे गं, ते बाटलीतलं, ते बाटलीतलं. तोंडातनं शब्दच फुटेना.

मागं तिची पावलं वाजली. ती माझ्याजवळ आली नाही. परसातल्या नळाकडं गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, आणि मग ती हात धूत राहिली.